थ्रेडगिलची आडवी रेघ

"थ्रेडगिल," काउंटरमागच्या मुलीनं नाव पुकारलं आणि व्हर्ना ह्लावाटीच्या मांडीवरची पर्स घसरून खाली पडली. औषधाच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ती डोळे मिटून बसली होती. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळे जवळचं सगळं विरघळल्यासारखं झालं होतं आणि लांबचं मात्र लख्ख दिसत होतं. हातातली स्वतःची औषधाची चिठ्ठी वाचता येत नव्हती, पण रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर कोण जांभई देतंय ते कळत होतं. अशा अवस्थेत माणसानं गप्प बसावं, म्हणून ती बसली होती. आणि एकदम हे नाव. एखादं नाव आपण इतक्या वेळा पाकिटावर लिहिलेलं असतं की ते कुणाच्या तोंडून ऐकावं लागेल हे ध्यानीमनीही नसतं. आपल्या घरातली गोष्ट कुणी चारचौघांत काढावी, तसं तिला झालं. क्लीव्हलंडमध्ये थ्रेडगिल आडनावाची दुसरी माणसंही असतील की, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. पण पुढच्या रांगेतून जो माणूस उठला त्याला उठायला वेळ लागला, आणि उठता उठता तो छताकडे जातच राहिला, इतका उंच. कानशिलावरचे काळे केस आता पांढरे झाले होते. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. तो खांदा तिला पाठ होता. घरच्या बेसबॉल-कार्डावरच्या फोटोतही तो तसाच होता, चेंडू टाकून झाल्यावर खाली आलेला, जणू वर यायचं विसरलेला. ऑल्टन थ्रेडगिल, डाव्या हातानं चेंडू फेकणारा पिचर. त्याच्याबरोबर एक बुटकी, नीटस बाई होती, हिरवी टोपी घातलेली, आणि तिनं त्याच्या कोपराला हात लावला होता. धरलं नव्हतं, नुसता लावला होता. व्हर्नानं वाकून पर्स उचलली आणि उगाच तिच्यात काहीतरी शोधायला लागली. कार्ड काही पर्समध्ये नव्हतं. असतं तरी तिनं ते काढलं नसतं, हे तिनं स्वतःला ताबडतोब बजावलं, आणि बजावावं लागलं याचा तिला राग आला.

एकाहत्तर सालचा तिच्या शहराचा बेसबॉल संघ काही थोर नव्हता. खरं सांगायचं तर भिकार होता. वर्षभर हरला आणि तळाशी जाऊन बसला. पण तिचा मुलगा मार्टी तेव्हा शाळकरी होता आणि त्या वर्षाची कार्डं त्यानं च्युइंगगमच्या पुड्यांमधून एकेक करून गोळा केली होती. गमची गुलाबी पूड अजून त्यांच्या कडांना असेल असं तिला वाटे. नाकाशी धरलं की येई तो वास, किंवा आला असं वाटे. या देशातल्या बहुतेक आयांनी मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली की त्यांची कार्डं केरात टाकली आणि मग पुढची सगळी वर्षं त्याबद्दल बोलणी खाल्ली. व्हर्नानं टाकली नाहीत. मार्टीनं फिनिक्सहून फोनवर सांगितलं होतं, "मम, टाकून दे तो खोका, जागा कशाला अडवतेस?" तरी टाकली नाहीत. आपण ती न टाकणारी आई आहोत, हा तिचा पहिला अभिमान. दुसरा पुढे आला. एका हिवाळ्यात ती दारातल्या बर्फावर घसरली, पाय प्लास्टरमध्ये, नवरा एमिल कामावर, आणि खिडकीतून दिसणारं तळ्यावरचं राखाडी आकाश किती वेळ बघणार? तिनं खोका मागवून घेतला आणि एका कार्डावरच्या मिशाळ, बावळट चेहऱ्याच्या कॅचरला पत्र लिहिलं. सोबत कार्ड घातलं, आणि उत्तरासाठी स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेलं दुसरं पाकीट, घडी करून. एमिल म्हणाला होता, "त्या बाप्याला काय उद्योग नाही का? आता विमे विकत असेल कुठंतरी ओक्लाहोमात." विकतच होता. पण सही आली. आपलंच अक्षर असलेलं पाकीट आपल्याच दारात येऊन पडतं तेव्हा क्षणभर वाटतं, आपण कुठंतरी लांब राहतो आणि तिथून आपणच आपल्याला विसरलो नसल्याचं कळवलंय. एमिल गेला, त्यानंतरही पाकिटं येत राहिली. कुणी शेती करत होतं, कुणी तुरुंगात पहारेकरी होतं, कुणी नुसतं म्हातारं झालं होतं. ज्यांना आता त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नसेल अशा माणसांनी आपलं नाव नीट, सावकाश, आठवून लिहिलं होतं. तिनं एकही पत्र छापील पाठवलं नाही. आणि ती कधी कुणाच्या दारात गेली नाही, हॉटेलच्या मागच्या दाराशी ताटकळली नाही, खेळाडू सह्या विकायला बसतात त्या जत्रांत रांगा लावल्या नाहीत. पोस्टानं मागायचं. पोस्टानं मागितलं की माणसाला तुमच्या तोंडाकडे न बघता नाही म्हणता येतं. तेवढी सोय तुम्ही त्याला ठेवलीत, तरच त्याच्या हो ला काही अर्थ. हे ती कुणाकडून शिकलेली नव्हती. तिचं तिलाच वाटलेलं होतं, आणि म्हणून ती त्याला चिकटून होती.

थ्रेडगिल सगळ्यात शेवटचा. बाकीचा संघ पुरा झाला तरी त्याची जागा रिकामीच. राहायचा याच शहरात, नदीपलीकडे, पूर्वेला, बसनं गेलं तर दुपारच्या आत परत येता येईल इतक्या अंतरावर, पण पत्रांना उत्तर नाही. कार्डं जमवणाऱ्यांच्या क्लबात सगळे सांगायचे की थ्रेडगिल सही करत नाही. मेंदूतला रक्तस्राव झाल्यापासून तर मुळीच नाही. ती दर वसंतात एक पाकीट टाकायची, तुळशीला पाणी घालावं तसं नेमानं, असं आपल्याकडे म्हणता आलं असतं. ती स्वतः म्हणायची, खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालते तसं. आणि गेल्या पानगळीत ते आलं. पाकीट तिचंच, तिकीट तिचंच, आणि आत कार्डावर निळ्या शाईत, फोटोतल्या छातीवरून खांद्याकडे चढत गेलेलं नाव. अक्षरं थरथरती, कुठं दाबलेली, कुठं पुसट. आणि इंग्रजी आडनावातल्या पहिल्या 'टी'ची आडवी रेघ. ती थरथरत नव्हती. जाड, एका झटक्यात मारलेली, डावीकडून वर चढत जाऊन पुढच्या अक्षरांना ओलांडून गेलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी व्हर्ना ते कार्ड कडांना धरून बसली होती, आणि केटलीतलं पाणी आटून गेलं तरी उठली नव्हती. संघ पुरा झाला. एवढं मोठं काम आयुष्यात आपण दुसरं कुठलं केलं, असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून वाईटही वाटलं नाही.

मग चर्चच्या तळघरातली क्लबाची बैठक. अक्रोडाचा रोल कापलेला, कॉफीचं भांडं गुरगुरतंय, आणि वॉल्ट ब्रेनमन भिंग काढून बसलेला. वॉल्ट विमा कंपनीतून निवृत्त झालेला. लोकांच्या जळालेल्या घरांबद्दल शंका घेण्यात त्याची हयात गेली होती आणि ती खोड अजून गेलेली नव्हती. वसंतातल्या प्रदर्शनात मधली काचपेटी कुणाला द्यायची, ते त्याची समिती ठरवायची. व्हर्नानं अर्ज केला होता. मधली पेटी आजवर कुठल्या बाईला मिळालेली नव्हती, आणि हे कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

"बायकोची आहे," वॉल्ट म्हणाला होता, भिंगातून डोळा न काढता.

"काय बायकोची आहे?"

"सही. व्हर्ना, चिडू नकोस. ही त्याची बायको करते. माझ्याकडे त्याच्या खेळायच्या वर्षातल्या सह्या आहेत, ये घरी, दाखवतो. त्याची रेघ सपाट असायची, टेबलासारखी. ही बघ, शिडी लावल्यासारखी वर चाललीय. आजारी माणूस अशी रेघ मारेल? अक्षरं मुद्दाम थरथरवलीत आणि रेघेच्या वेळी बाई विसरली."

"तू तिथं होतास का, ती विसरली तेव्हा?"

गस पाप्पास हसला होता. गसचं पूर्वी जेवणाचं छोटं हॉटेल होतं आणि त्याला भांडण चालू असताना खायला आवडायचं. "वॉल्टला त्याच्या लग्नाच्या कागदावरची सहीपण बायकोचीच वाटते," तो म्हणाला.

"थट्टा नकोय," वॉल्ट म्हणाला. "व्हर्ना, पेटी तुला मिळायला माझी ना नाही. संघ पुरा आहे, काम सुरेख आहे. पण थ्रेडगिलच्या शेजारी मला पिवळी चिठ्ठी लावावी लागेल. शंकास्पद. नियम आहे. पुरावा आण, चिठ्ठी काढतो."

शंकास्पद. तो शब्द ती बसमधून घरी घेऊन आली होती आणि तेव्हापासून तो घरात वावरत होता. सकाळी टोस्टच्या वासात, दुपारी टीव्हीवरच्या बातम्यांमागे. राग नुसता वॉल्टचा असता तर बरं झालं असतं. पण तिनं एकदा, फक्त एकदा, स्वतः भिंग घेऊन ती रेघ पाहिली होती, आणि वॉल्ट म्हणतो ते तिला दिसलं होतं: नाव एका हाताचं, रेघ दुसऱ्या हाताची. दिसलं म्हणून तिनं भिंग ड्रॉवरच्या तळाशी घालून ठेवलं होतं. आणि त्या दिवसापासून तिच्या उजव्या तळव्याला मधूनमधून कुणाच्या तरी हाताची पाठ लागल्यासारखी वाटे, खरबरीत, गरम, कांजीचा वास असलेली. भांडी घासताना, जिना उतरताना. ती हात झटके आणि वास जाई.

आता थ्रेडगिल काउंटरशी उभा होता आणि ती त्यांच्यापासून एवढी लांब होती की त्या दोघांच्या हातांवरची शीर न् शीर तिला दिसत होती. मुलीनं औषधाची पिशवी पुढे केली, कागद पुढे केला, पेन पुढे केलं, तेही हिरव्या टोपीच्या बाईपुढे. मागं रांग वाढत होती.

"तुम्हीच करा ना सही मॅडम, त्यांच्या वतीनं. चालतं," मुलगी म्हणाली. पोरगी वाईट नव्हती. घाईत होती.

"का बरं?" बाई म्हणाली. "नाव त्याचं आहे. तो उभा आहे की इथं."

"नाही, म्हणजे वेळ लागेल म्हणून..."

"लागेल थोडा," बाई म्हणाली आणि मागे वळून रांगेला उद्देशून, अगदी मोकळेपणानं म्हणाली, "थोडा वेळ लागेल हं. ऑल्टन, घे."

"मी काय पळून चाललोय, नदीन?" तो म्हणाला. आवाज खोल आणि जरा ओला, शब्द एका बाजूनं येणारे. "ह्यांच्या बसेस चुकल्या तर माझ्या नावानं बोंब मारतील."

"तू खेळायचास तेव्हा रोज मारायचेच. सवय आहे तुला."

तो हसला. त्यानं डाव्या हातात पेन घेतलं आणि हात कागदावर ठेवला, आणि तो हात कागदावर ठेवल्याबरोबर एखादा प्राणी थंडीनं कुडकुडावा तसा हलायला लागला. नदीननं आपला हात त्याच्या मनगटावर ठेवला. दाबला नाही. वजन ठेवलं फक्त. मग दोन्ही हात मिळून चालायला लागले, थांबत, धक्के खात, आणि तिचा अंगठा त्याच्या शिरेवर टेकलेला होता. लिहीत तो होता, ती फक्त तो वाहून जाऊ नये एवढं बघत होती. व्हर्नाला काय वाटलं असेल? पहिल्यांदा आनंद झाला, खरं तर कुत्सित आनंद: वॉल्ट ब्रेनमन, बघ. मग लगेच दुसरं: म्हणजे वॉल्ट अर्धा बरोबर होता, हात तिचाही आहे. आणि मग नाव संपलं आणि नदीननं आपला हात उचलला. पूर्ण उचलून घेतला, पाठीमागे नेला. थ्रेडगिलनं पेन मागे आणलं, आडनावाच्या सुरुवातीला, श्वास घेतला, खांदा खाली गेला, आणि एकट्यानं, एका झटक्यात रेघ मारली. डावीकडून वर. पेन कागदाबाहेर जाऊन काउंटरवर टेकलं. व्हर्नाला कागद दिसत नव्हता, पण खांदा दिसला. तो कार्डावरचा खांदा होता. एवढी एक फेक त्याच्याकडे उरली होती आणि ती तो कुणाला धरू देत नव्हता.

तळव्याला लागणारी ती हाताची पाठ कुणाची हे तेव्हा तिला कळलं, आणि इतके दिवस कळलं नव्हतं याचंच नवल वाटलं. मामका. तिची आई. मामका दिवसभर लॉन्ड्रीत दुसऱ्यांचे शर्ट कडक करायची आणि संध्याकाळी तिचे स्वतःचे हात शर्टाच्या कॉलरसारखे झालेले असायचे. तिला तिच्या गावची अक्षरंही धड येत नव्हती, इथली तर नाहीच. प्रगतिपुस्तकावर आईची सही हवी होती. खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, फुली मार, सगळ्याच मारतात. मामका म्हणाली, फुली गुरांवर मारतात. तिनं पेन्सिल धरली आणि व्हर्नाला म्हणाली, "तू माझा हात धर. ढकलू नको. धर नुसता." दिव्याखाली दोघींनी मिळून 'आन्ना' लिहिलं. मामका लिहिताना तोंडानं श्वास घेत होती. संपल्यावर तिनं पुस्तक लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि त्या रात्री जेवताना ती एकटीच हसत होती. दुसऱ्या दिवशी तिची शिक्षिका मिस किंबॉल म्हणाली, "व्हर्ना, हे तू लिहिलंयस." नाही म्हटलं. "खोटं बोलू नकोस." तेव्हा व्हर्नानं खरं सांगितलं, सगळं, वर्गासमोर: आईला येत नाही, मी हात धरला. खरं सांगितलं की सुटका होते अशी तिची समजूत होती. वर्ग हसला. मिस किंबॉलला तर दयाच आली, आणि ती दया घेऊन ती पालकसभेत मामकाजवळ गेली आणि सगळ्यांसमोर, फार प्रेमानं, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली की लाजू नका, फुली मारली तरी चालते. मामकानं फुली मारली. त्यानंतर मरेपर्यंत तिनं पेन्सिल हातात धरली नाही.

"पुढचं कोण? ह्लावाटी?" मुलीनं हाक मारली, आणि व्हर्ना उठली. थ्रेडगिल दांपत्य दाराकडे चाललं होतं. तो तिच्या इतक्या जवळून गेला की जवळ आल्याबरोबर विरघळला, नुसता एक मोठा तपकिरी कोट आणि मेंथॉलचा वास. बोलावं. नुसतं म्हणावं, तुमची सही माझ्याकडे आहे. पण ती बाजूला झाली आणि तिनं त्यांना वाट दिली. नदीन म्हणाली, "थँक यू, डार्लिंग." काउंटरवर पेनचा एक लहान निळा ओरखडा होता, असणार; तिनं त्यावर बोट ठेवून पाहिलं. दिसत काहीच नव्हतं.

वॉल्टला फोन करून हे सांगायचं म्हणून तिनं त्या दिवशी दोनदा रिसीव्हर उचलला. काय सांगायचं? मी पाहिलं. तो म्हणेल, तुझ्या डोळ्यांत थेंब होते. आणि थेंब नसते तरी काय? मग तळघरात अक्रोडाचा रोल खाता खाता माणसं बोलतील: त्याचा हात हलतो, बायको धरते. हळहळतील. वॉल्ट फार समजूतदारपणे मान हलवेल, आणि ती मान हलताना तिला मिस किंबॉल दिसेल. रिसीव्हर तिनं खाली ठेवला. पण पिवळी चिठ्ठीही तिला नको होती. काचेच्या पेटीत, आपल्या नावाखाली, आपल्या सगळ्या कामावर लागलेला तो एक पिवळा डाग नको होता. तिला दोन्ही हवं होतं, अभिमानी माणसाला हवं असतं तसं. मग तिला सुचलं ते इतकं सोपं होतं की ती मोठ्यानं हसली. तिनं एक कोरं पांढरं कार्ड घेतलं, सह्यांसाठी लोक पाठवतात तसलं, आणि पत्र लिहिलं. मिसेस थ्रेडगिल, तुमच्या यजमानांची सही माझ्याकडे आहे आणि मला तिचा फार अभिमान आहे. तुमचीही असावी अशी इच्छा आहे. जमलं तर. दुकानात पाहिल्याबद्दल एक अक्षरही नाही. घडी केलेलं पाकीट, त्यावर स्वतःचा पत्ता, तिकीट सरळ लावलेलं. बाईची सही एकदा हातात आली की अक्षर वेगळं दिसेल आणि वॉल्टचं तोंड बंद होईल. कुणाच्या हाताबद्दल कुणाला काही सांगावं लागणार नाही. टपालपेटीत पाकीट टाकताना तिला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की वाटेत तिनं स्वतःसाठी बेकरीतून कोलाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव, घेतले.

उत्तर लवकर आलं. तिनं पाकीट उभ्यानंच फोडलं, खिडकीशी, आता डोळे ठीक होते. नदीन थ्रेडगिल. लहान, गोल, शाळेच्या वहीतली अक्षरं, एकाच उंचीची, बेताची. कार्डावरच्या त्या थरथरत्या नावाशी त्यांचं काही म्हणता काही नातं नव्हतं. जिंकले, असं तिच्या मनात आलं आणि ते शब्द पुरे व्हायच्या आत तिला 'टी' दिसला. त्या गोल, बेताच्या अक्षरांवरून एक जाड रेघ डावीकडून वर चढत गेली होती, शेजारच्या अक्षरांना ओलांडून, कार्डाच्या कडेबाहेर. व्हर्ना खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे ते आलं, जसं घडलं असेल तसं. नदीनच्या जन्मात कुणी तिची सही मागितलेली नव्हती. टेबलाशी बसून तिनं नाव लिहिलं, 'टी' अर्धा ठेवला, आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं: हे नाव तुझंही आहे, पुरं कर. आणि त्यानं खांदा खाली घेतला. व्हर्नाला रडू आलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की वॉल्टपुढे या पुराव्याचा काडीचा उपयोग नाही, उलट तो तिच्याविरुद्धच जाईल.

आणि तसंच झालं. प्रदर्शनाच्या सकाळी, मधल्या पेटीचं झाकण उघडं असताना, वॉल्टनं दोन्ही कार्डांवर भिंग फिरवलं. त्याला वेळ लागला. माणूस प्रामाणिक होता, हे मान्य करायला हवं.

"अक्षर वेगळंय," गस म्हणाला. त्याच्या हातात सॉसेजचा पाव होता. "मलासुद्धा दिसतंय, चष्म्याशिवाय."

"अक्षर बदलता येतं," वॉल्ट म्हणाला. "रेघ बदलत नाही. रेघ ही हाताची सवय असते. बघ, व्हर्ना, तूच बघ. ही इथली आणि ही तिथली. एकच हात."

"एकच हात आहे," व्हर्ना म्हणाली.

वॉल्टनं भिंग खाली घेतलं. "म्हणजे तुला मान्य आहे?"

"तू म्हणालास ते अगदी बरोबर आहे. रेघ बदलत नाही."

"मग तुझा पुरावा माझ्या बाजूचा झाला की." त्याला बिचाऱ्याला ते नीट झेपत नव्हतं. जिंकताना समोरचं माणूस खूश दिसलं की वॉल्ट बावरायचा. "काही सांगायचंय का तुला? सांग. मी ऐकतो. समितीला मी समजावेन."

सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तळघरात माणसं टेबलं लावत होती, खुर्च्या ओढत होती, सगळ्यांचे कान इकडेच होते, आणि त्या वाक्यानं तिच्या नावावरचा डाग पुसला गेला असता. तिच्या तळव्याला ती खरबरीत, गरम पाठ लागली. ह्या वेळी तिनं हात झटकला नाही.

"चिठ्ठी लाव," ती म्हणाली. "पण एक अट. हे पांढरं कार्ड थ्रेडगिलच्या शेजारी राहील. एकाच चौकटीत."

"त्याला कशाची किंमत आहे, व्हर्ना? ती बाई कधी खेळलीय का?"

"माझी पेटी आहे ना? राहील."

पिवळी चिठ्ठी तिनं त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच लावली, सरळ, तिकीट लावते तशी. शंका तिच्या नावावर राहू दे. तिचं नाव तेवढं वजन पेलण्याइतकं दणकट आहे, हे तिला झाकण बंद करताना पहिल्यांदाच जाणवलं. दिवसभर ती पेटीशेजारी उभी राहिली, निळ्या ड्रेसमध्ये, एमिलनं दिलेला ब्रोच लावून. बसायला खुर्ची होती, बसली नाही. माणसं येत, मिशाळ कॅचरला हसत, पिवळ्या चिठ्ठीशी थांबत, तिच्याकडे कणवेनं बघत, आणि ती त्यांच्याकडे अशी बघे की कणव आपोआप पुढच्या टेबलाकडे निघून जाई. पांढऱ्या कार्डाशी कुणी थांबलं नाही. एकाच चौकटीत दोन नावं होती आणि दोन्हींवरून एकच रेघ वर चढत गेली होती. सगळ्या तळघरात ती वाचता येणारं एकच माणूस होतं.

लोक टेबलं आवरायला लागले तेव्हा गस हातातली उरलेली कॉफी घेऊन आला. पेटीवर वाकून त्यानं ती दोन्ही कार्डं बराच वेळ पाहिली. माणूस खादाड असला तरी त्यानं आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "काय आहे ते तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग मला सांग की. वॉल्टला नाही सांगत. आईशप्पथ."

"पोस्टानं विचार," व्हर्ना म्हणाली. "आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट घालायला विसरू नकोस."